एक फेज गेली तेव्हा

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण दिवस चालायचा तो थ्री फेजवर. थ्री फेज आली की पडवीतली पिठाची गिरणी सुरू व्हायची, गिरणी सुरू झाली की आई पडवीत जायची, आणि थ्री फेज जाईपर्यंत ती माझ्या वाट्याला यायची नाही. उरलेल्या वेळी एकाच फेजमध्ये वीज असायची. तेवढ्यावर घरातले दिवे लागायचे, पण गिरणी जागची हलायची नाही. त्या वेळात आई झोपायची, नाहीतर गिरणीचा गुळगुळीत झालेला दगड उतरवून त्याला छिन्नीने टाकी लावत बसायची, नाहीतर धुण्याची पाटी उचलून ओढ्याकडे निघायची. एका आठवड्यात थ्री फेज दिवसा असायची, पुढच्या आठवड्यात रात्री. दिवसाच्या आठवड्यात मी शाळेतून यायचे तेव्हा आई पिठात असायची, आणि रात्रीच्या आठवड्यात मी शाळेतून यायचे तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन झोपलेली असायची. वीज कधी यायची हे आमच्या हातात नव्हतं. ते कुठे ठरायचं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. पण मायलेकींनी एकमेकींना कधी भेटायचं हे त्यावरच ठरायचं.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूचं, उसाच्या पट्ट्यातलं. बुद्धविहाराच्या मागे आमची वस्ती. गावात विजेची लाईन चार तारांची होती, पण ती वरच्या आळीच्या चौकात संपायची. तिथून पुढे आमच्या वस्तीकडे दोनच तारा यायच्या. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम सुरू झाला की ते कारखान्यावरच राहायचे आणि सुट्टी मिळाली की घरी यायचे. दिवसभर मोठमोठ्या मोटारींशी त्यांची गाठ, आणि आपल्याही घरात एक तरी मोटार फिरावी हे त्यांच्या मनात फार वर्षं होतं. गावातला जुना गिरणीवाला मुलाकडे पुण्याला गेला आणि गिरणी कायमची बंद झाली, तेव्हा आबांनी ठरवलं. बायका डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला पायी जायला लागल्या होत्या. आबांनी वीज कचेरीत इतके खेटे घातले की तिथला शिपाई त्यांना दारातूनच ओळखायला लागला. शेवटी एका उन्हाळ्यात वस्तीपर्यंत नवे खांब आले आणि उरलेल्या दोन तारा ओढल्या गेल्या. आमच्या घराच्या भिंतीवर मोठा मीटर बसला, त्याच्या शेजारी चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज आणि मोटारीचा काळा स्टार्टर, हिरव्या आणि लाल बटनाचा. वस्तीतली माणसं ते बघायला येऊन गेली. मी आणि माझी मोठी बहीण अक्का, आम्हा दोघींना आबांनी त्या दिवशी समजावून सांगितलं होतं, "दिव्याला एक फेज पुरती. मोटारीला तिन्ही लागत्यात. तिघी पाळीपाळीनं ढकलत्यात, म्हणून ती फिरती."

आबा कारखान्यावर, म्हणून गिरणी आईने चालवायची हे उघडच होतं. आई सडपातळ, पण हाताची घट्ट. धान्याचा डबा ती एका झोक्यात गिरणीच्या तोंडापर्यंत उचलायची. पहिले काही महिने फक्त वस्तीतली दळणं आली. मग वरच्या आळीतून पोरंसोरं डबे घेऊन यायला लागली, आणि मग बायका स्वतः आल्या. पण त्या पडवीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. डबा उंबऱ्यावर ठेवायचा, बारीक हवं की जाडं ते बोटांच्या खुणेने सांगायचं, आणि बाजूला लिंबाखाली जाऊन आपसात बोलत बसायचं. गिरणी चालू असताना बोलून उपयोग नसतोच, पण गिरणी बंद असतानाही त्या आईशी खुणांनीच बोलायच्या. एकमेकींची बाळंतपणं, भांडणं, पोरींची स्थळं, सगळं लिंबाखाली चालायचं आणि आई आत दगडापाशी उभी असायची. मला त्याचं तेव्हा फारसं काही वाटत नसे. गाव तसंच होतं आणि आम्ही त्यात राहत होतो. आज वाटतं की त्या गावात माझ्या आईच्या दारात रोज इतकी माणसं यायची, आणि तिच्याशी पाच वाक्यं बोललेलं एकही माणूस दिवस संपताना सापडलं नसतं.

गिरणीचा आवाज मला अजून अंगात ऐकू येतो. हिरवं बटन दाबलं की आधी मोटार खोल आवाजात उठायची, मग पट्टा दगडाला ओढायला लागायचा, पट्ट्याच्या सांध्यावर फटक फटक असा ठेका धरायचा, आणि वरून धान्य सुटलं की त्या सगळ्यावर एक जाड घरघर पसरायची. पत्रे थरथरायचे. फडताळातली ताटं एकमेकींना लागून बारीक वाजत राहायची. ज्वारीचा आवाज वेगळा, बाजरीचा त्याहून मऊ, हरभऱ्याची डाळ पडली की गिरणी खाकरल्यासारखी करायची. मी स्वयंपाकघरात बसून, न बघता, पडवीत काय दळलं जातंय ते सांगू शकायचे. एका दळणाचं थोडं पीठ यंत्रात राहायचंच. आई दिवस संपला की ते सगळं ब्रशने झाडून परातीत काढायची आणि तेच आमच्या भाकरीचं पीठ. त्यामुळे आमच्या घरची भाकरी कधी एका धान्याची नसायची. गावात कुणाकडे लग्न निघालं की आमच्या भाकरीला बेसनाचा वास यायचा. थंडीत हुलगे दळायला यायचे, मग त्या पिठाचे शेंगोळे व्हायचे, लसणाच्या फोडणीत उकळलेले, वरून कच्चं तेल. अक्का शेंगोळे फार सुबक वळायची. बोटाएवढे, सगळे सारखे. माझे वेडेवाकडे व्हायचे आणि आई मुद्दाम तेच आपल्या ताटात घ्यायची.

अक्काचं लग्न झालं आणि ती पुणतांब्याला गेली. जाताना तिने मला चुलीपाशी नेऊन काय कुठे ठेवलंय ते दाखवलं होतं, जणू मी त्या घरात नवी होते. ती गेल्यावर घरात मी आणि आई. आणि मला लक्षात यायला लागलं की आई माझ्याशी बोलत नाही.

म्हणजे ती अगदीच बोलायची नाही असं नाही. समोर बसले तर बोलायची, जेवायला वाढ, दिवा लाव, पाणी भर. पण मी पाठीमागून काही सांगितलं तर उत्तर येत नसे. मी शाळेतून येऊन दप्तर टाकता टाकता बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला म्हणून सांगितलं. आई दगडाला टाकी लावत होती. तिने मानही वर केली नाही. मी पुन्हा सांगितलं. ती टाकी लावत राहिली. असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. कधीकधी ती "हं" म्हणायची, पण भलत्याच ठिकाणी. मी पाय मुरगळल्याचं सांगत होते आणि ती हसून "बरं झालं" म्हणाली. दूध उतू गेलं तर तिथेच पाठमोरी बसलेली असूनही ती उठायची नाही आणि मग मलाच विचारायची, लक्ष कुठे होतं तुझं. पूर्वी दगडाला टाकी लावताना ती गुणगुणायची, तेही बंद झालं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की आईचा जीव अक्कावर होता. अक्का गेली, आता उरलेल्या पोरीशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही नाही. बारा-चौदा वर्षांच्या पोरीला असं काही वाटलं की ती त्याचे पुरावे गोळा करत बसते, आणि मला रोज पुरावे मिळत होते.

मग मीही बोलणं कमी केलं. शाळा गावाबाहेर, मैत्रिणी वाटेपुरत्या. वस्तीतली माझ्या वयाची बरीच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची आणि आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागायची. संध्याकाळी बाहेर बसलं तर उसाने भरलेल्या ट्रॉल्या लांबच्या रस्त्याने जाताना ऐकू यायच्या. मी भाकरी टाकायचे, आईचं ताट झाकून ठेवायचे, अभ्यास करायचे. कधीकधी गिरणी चालू असताना पडवीच्या दाराशी उभी राहून मी मोठ्याने कविता म्हणायचे. त्या आवाजात माझं मलाही ऐकू यायचं नाही. आई पिठाच्या धुरळ्यात, नाकातोंडावर पदर बांधून, पांढऱ्या भुवयांची, पाठमोरी उभी. मी घसा फोडून म्हणत राहायचे आणि दमले की आत यायचे.

आता मी केडगावात राहते. याही घरात तिन्ही फेज आहेत, आणि त्या एका माणसासाठी. पावसाळ्यात एखादी फेज गेली की पुढची खोली अंधारात जाते आणि स्वयंपाकघर उजेडात राहतं. शेजारी फोन करून विचारतात, तुमच्याकडे आहे का. मी सांगते, अर्धी आहे. आणि माझ्या नकळत मी कान देऊन फ्रिजचा आवाज ऐकत राहते, तो नीट आहे ना म्हणून. ही सवय मला त्या दुपारी लागली.

लग्नसराईचे दिवस होते. वरच्या आळीत एका घरी मोठं लग्न होतं आणि त्यांचं दळण आलं होतं. उंबऱ्यापासून लिंबापर्यंत डब्यांची आणि पोत्यांची रांग लागली होती. शाळेला सुट्टी होती. थ्री फेज सकाळीच आली होती आणि आई तेव्हापासून उभी होती. मी आत परातीत पीठ मळत होते. कारखान्याचा हंगाम जोरात, त्यामुळे आबा बरेच दिवस आले नव्हते. मागच्या खेपेला त्यांनी स्टार्टर उघडून बघितला होता. मोटारीवर जास्त ताण आला की आपोआप बंद करणारा भाग त्यात असतो, तो बिघडलाय, पुढच्या सुट्टीला नवा आणतो, असं ते म्हणून गेले होते.

पीठ मळता मळता माझे हात थांबले. गिरणीचा आवाज बसला होता. बंद झाला नव्हता, बसला होता, सर्दीने बसलेल्या गळ्यासारखा. पट्ट्याचा ठेका सैल पडला, घरघर मंद झाली आणि तिच्या खालून एक वेगळाच आवाज वर आला, जनावर दाबून धरल्यावर हुंकारतं तसा. फडताळातली ताटं वाजायची थांबली. मी डोक्यावरच्या दिव्याकडे बघितलं. भरदुपारीही त्या कोंदट खोलीत दिवा लागायचा, आणि तो नेहमीसारखा लागलेला होता. म्हणजे वीज गेली नव्हती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की दिवा एका फेजवर आहे आणि गेली आहे ती दुसरी. दोघींवर मोटार ओढते आहे. आबांनी सांगितलेलं होतं की अशी थोडा वेळ जरी चालली तरी मोटार आतून जळते.

मला वाटलं आई आता बंद करील. हा आवाज कुणालाही कळला असता. बाहेर लिंबाखालच्या बायकाही बोलायच्या थांबल्या होत्या. पण गिरणी तशीच हुंकारत राहिली. मी पिठाचे हात घेऊन पडवीत धावले. आत जळका, करपट वास सुटला होता. आई माझ्याकडे पाठ करून पट्ट्यापाशी वाकली होती. दगड हळू फिरतोय, म्हणजे पट्टा सरकतोय असं तिला वाटलं होतं, आणि त्याने पकड घ्यावी म्हणून ती एका हाताने चालत्या पट्ट्याला राळेचा चिकट खडा लावत होती. तिच्या हातात आणि पट्ट्यात बोटभर अंतर नव्हतं. मी ओरडले, "आये, हात काढ." ती तशीच. मी पुन्हा ओरडले, बाहेरून एक बाईही ओरडली, आणि आई राळ लावत राहिली. मला तिच्या अंगाला हात लावायची भीती वाटली, दचकली असती तर हात आत गेला असता. मी भिंतीकडे वळले आणि लाल बटन दाबलं.

मोटार थांबली. पट्टा दोन-तीनदा फटकला आणि लोंबकळत उभा राहिला. तेव्हा कुठे आईने हात मागे घेतला. तिने आधी दगडाकडे बघितलं, मग वर दिव्याकडे, मग वळून माझ्याकडे.

"का बंद केली?" ती म्हणाली. त्या शांत पडवीत तिचा आवाज फार मोठा होता.

मी सांगितलं की एक फेज गेली, मोटार जळत होती, तुला वास तरी कसा आला नाही. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बोलायची थांबले तरी तिची नजर ओठांवरून हलली नाही. मला काय झालं कोण जाणे, मी तिच्या बाजूने मागे गेले, स्टार्टरपाशी, आणि तिच्या पाठीला म्हटलं, "आये." ती मोटारीवर हात ठेवून बघत होती. चटका बसला म्हणून तिने हात झटकला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. उंबऱ्यावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आई पदराने मोटारीवरचं पीठ पुसत राहिली.

एक बाई विचारत होती की दळण आज मिळणार की नाही, लग्नघर आहे. ती आईला विचारत होती आणि आई तिच्याकडे पाठ करून उभी होती. बाईच्या कपाळाला आठी पडली. मी पुढे झाले आणि सांगितलं की फेज गेलीय, वायरमनला निरोप धाडते, तो आला की पहिलं तुमचंच दळण घेऊ. आवाज माझा होता, पण ते मी आईच्या वतीने बोलले होते. त्यानंतर किती वर्षं मी तसंच बोलत राहिले.

वायरमन येईपर्यंत बायका आपापल्या घरी गेल्या. मी आईचा हात धरून तिला मागच्या दाराच्या पायरीवर आणून बसवलं आणि तिच्या अगदी समोर, खाली मातीत बसले. कवापासनं, असं मी विचारलं. तिने पदराने तोंड पुसलं. पीठ निघालं आणि खालचा तिचा सावळा चेहरा पट्ट्यापट्ट्यांनी दिसला.

"आधी चिमण्या गेल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, उन्हानं गेल्या असतील. मग तुझा आवाज बारीक झाला. मला वाटलं, तू मोठी झाली, आता हळू बोलतीस."

मी रडायला लागले. तिला वाटलं मी मोटारीसाठी रडते आहे. मोटार मेली न्हाई गं, गार झाली की चालंल, असं ती मला समजावत राहिली. मी मान हलवत होते आणि मला सांगता येत नव्हतं की मी इतके दिवस काय धरून बसले होते. मग तिने एकच गोष्ट मागितली, आबांना सांगू नको. मी विचारलं की का, गिरणी बंद झाली तर बरंच होईल, तुझे कान तरी वाचतील.

"बंद झाली की मी परत त्यांच्या दारात कामाला," ती वरच्या आळीकडे हात करून म्हणाली. "आता त्या माझ्या दारात हाईत. बोलत न्हाईत, न बोलू दे. उभ्या तर ऱ्हात्यात."

माझ्या आईचं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कान जात असल्याचं तिने दोन वर्षं लपवलं होतं आणि ते कुणाला कळलं नव्हतं, कारण कळण्यासाठी तिच्याशी बोलावं लागलं असतं. गावाने तिला खुणा केल्या होत्या आणि खुणा तिला समजत होत्या. गिरणी सुरू झाल्याचं तिला तळपायांना कळायचं. वीज गेल्याचंही तसंच कळायचं, जमीन थरथरायची थांबायची. नेमकी ही मधलीच अवस्था, दोन फेज आहेत आणि एक नाही, तेवढी तिला कळली नव्हती.

आबांना मी सांगितलं नाही, पण ते फिटर होते. सुट्टीला आले, मोटारीचं झाकण उघडून वास घेतला आणि त्यांनी मला विचारलं की ही इतकी तापेपर्यंत आई काय करत होती. मग ते उठले, आई भाकरी थापत होती तिथे गेले आणि तिच्या पाठीमागे उभं राहून तिला तिच्या नावाने हाक मारली. एकदाच. मग बाहेर येऊन लिंबाखाली बराच वेळ बसले. पुढे त्यांनी तिला नगरला नेऊन कान दाखवले. डॉक्टरांनी सांगितलं की आतली नस गेली आहे, ती परत येत नाही, उरलंय तेवढं जपा. कानात घालायचं यंत्रही मिळालं. पण त्यात सगळेच आवाज सारखे मोठे व्हायचे आणि गिरणीपाशी तर तिचं डोकं फुटायची वेळ यायची. आईने ते कापडात बांधून फडताळात ठेवून दिलं.

आबा गिरणी बंद कर म्हणाले नाहीत. त्यांनी स्टार्टरचा नवा भाग बसवला, आणि कारखान्यातून परत येताना तीन होल्डर आणि तीन रंगीत बल्ब आणले. लाल, पिवळा आणि निळा. गिरणीच्या समोरच्या भिंतीवर, आईच्या नजरेच्या उंचीला, त्यांनी ते ओळीने लावले, प्रत्येक बल्ब वेगळ्या फेजवर. मग तिला समोर उभं करून, ओठ नीट हलवत सांगितलं की तिन्ही लागलेले असतील तरच चालवायची, एक जरी विझला तर बाकी काही न बघता लाल बटन दाबायचं. आईने तिन्हींकडे बघितलं आणि हसली. "जत्रंवानी दिसतंय," म्हणाली. आबा हसले नाहीत. ते खाली बसून वायरचे तुकडे गोळा करत होते, आणि मी बघितलं की त्यांच्याकडून ते गोळा होत नव्हते.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मी आणि आई खूप बोललो. ते बोलणं दिव्याच्या उजेडात व्हायचं, कारण तिला माझे ओठ दिसायला हवे असायचे. संध्याकाळी एका फेजवर दिवा लागला की आम्ही त्याच्याखाली समोरासमोर बसायचो आणि मी तिला शाळेतलं सगळं सांगायचे, आवाज न करता नुसते ओठ हलवून. मध्येच सगळीच वीज गेली तर माझं वाक्य तिथेच तुटायचं. अंधारात आई माझा हात शोधायची आणि आम्ही वीज यायची वाट बघत गप्प बसायचो. निबंध वाचून दाखवल्याची ती जुनी गोष्टही मी तिला एकदा सांगितली. तिने पुन्हा सांगायला लावली.

मग मी शिकायला नगरला गेले, मुलींच्या वसतिगृहात. गिरणी आता माझ्या कानांवर अवलंबून नव्हती, भिंतीवरचे तीन बल्ब ते काम करत होते, त्यामुळे थांबायला मला सबबही उरली नव्हती. मी जावं हे आईनेच ठरवलं होतं. वसतिगृहात कार्यालयात एक फोन होता. रविवारी मुली ओळीने उभ्या राहून घरच्यांशी बोलायच्या, कुणी रडायच्या, कुणी हसायच्या. मी त्या ओळीत कधी उभी राहिले नाही. गावात फोन होता, वरच्या आळीत, पण त्यात मी काय बोलणार आणि ती काय ऐकणार. रात्री खोलीतल्या तिघी झोपल्या की पंख्याचा आवाज तेवढा राहायचा. मी पडल्या पडल्या ओठ हलवून दिवसभराचं सांगायचे. समोर भिंत असायची.

पहिल्या सुट्टीला मी कुणाला न कळवता निघाले. एसटी उशिरा पोचली, फाट्यापासून चालत मी वस्तीत शिरले तेव्हा लांबूनच गिरणी ऐकू आली. ज्वारी पडत होती. पडवीपुढे नेहमीसारखी रांग होती. मी दारात गेले आणि तिथेच थांबले. आई पाठमोरी होती, आधीपेक्षा बारीक झालेली, केसांत पीठ. समोर भिंतीवर तिन्ही बल्ब लागलेले. हाक मारून उपयोग नव्हता आणि चालत्या पट्ट्यापाशी तिला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी माझी पिशवी उंबऱ्यापाशी, लोकांच्या डब्यांच्या ओळीत ठेवली आणि तिथे उभी राहिले, दळणाला आलेल्या बाईसारखी. ती वळेपर्यंत मला थांबायचंच होतं. लिंबाखालून कुणीतरी माझ्याकडे बघून आपसात काही बोललं. मला तेव्हा वाटलं की मी कुठूनही आले, कितीही लांबून आले, तरी या घरात मला असंच दारात थांबावं लागणार.

एक दळण संपलं. आई पुढचा डबा उचलायला वळली आणि तिला डब्यांमध्ये माझी पिशवी दिसली. मग मी दिसले. तिच्या हातातला रिकामा डबा हातातच राहिला.

थ्री फेज असताना माझ्या आईने गिरणी बंद केल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. ताप असला तरी नाही, पाहुणे आले तरी नाही, अक्का बाळंतपणाला आली त्या दिवशीही नाही. वीज आहे तोवर दळायचं, गेल्यावर बाकीचं. तिने डबा खाली ठेवला, भिंतीकडे गेली आणि लाल बटन दाबलं. पट्टा थांबला. पत्र्यांची थरथर थांबली. लिंबाखालच्या बायका उठून उंबऱ्याशी आल्या आणि त्यातली एक, गेली का लाईट, असं मला विचारायला लागली, कारण आईला विचारून उपयोग नाही हे आता गावाला माहीत झालं होतं. मी काही बोलणार तोच आईने त्या बाईच्या ओठांकडे बघितलं.

"लाईट हाय," ती म्हणाली, तिच्या त्या फार मोठ्या आवाजात, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. "माझी पोरगी आलीया."